अनाथालयातले आग्यामोहोळ

प्रवरेच्या काठी तांबेओहोळ नावाचे लहानसे गाव आहे. तिथले मिशनचे अनाथालय प्लेगाच्या साथीत ओस पडले, ते वीस वर्षे तसेच होते. अशा त्या गावी वसईहून फादर इनास आले. लोक त्यांना फादरबाबा म्हणू लागले. दुष्काळात आईबाप गमावलेली बारा लेकरे चर्चच्या पडवीत निजत होती. ते पाहून बाबा म्हणाले, "थंडीच्या आत ही घरात गेली पाहिजेत," आणि स्वतःच कुदळ घेऊन उभे राहिले.

पहिल्या दिवशी मदतीला आली ती एकटी रिबका. त्याच अनाथालयात वाढलेली, आता लोकांचे गोठे साफ करून पोट भरणारी विधवा. दार उघडताच तिचे डोळे भरून आले. "बाबा, हितंच म्या पहिल्यांदा पोटभर जेवले व्हते!" पण वर नजर जाताच ती दोन पावले मागे सरली. फुटक्या छपराखाली, तुळईला सुपाएवढे काळेभोर आग्यामोहोळ लटकले होते.

बाबा हसून म्हणाले, "घाबरू नकोस. इतकी वर्षे घर यांनीच राखले. यांना जाळायचे नाही, सांगून न्यायचे."

रिबकाने मान डोलावली. रोज बाबा मोहोळाखाली प्रार्थना करीत आणि ती जीव मुठीत धरून तिथेच झाडलोट करी.

शमुवेल मास्तर चर्चचे पंच. विद्वान खरे, पण ताठा फार. ते म्हणाले, "फादर, माश्यांना धर्मशिक्षण देणार की काय? आणि ही शेण उचलणारी तुमची बिशप!" लोक खो खो हसले. रिबका खाली मान घालून झाडत राहिली.

एका दुपारी बाबा कौले आणायला गेलेले पाहून मास्तर पेटती पेंढी घेऊन आले.

"मास्तर, नका हो! बाबांना येऊ द्या," रिबकाने हात जोडले.

"तू मला शिकवणार?"

धूर वर गेला मात्र, आभाळ फाटल्यासारखा घोंघाट उठला! मास्तर पळाले, धोतरात पाय अडकून अंगणात कोसळले. माश्यांचा लोट त्यांच्यावर आला. रिबकाही पळू शकली असती. पण तिने धावत जाऊन त्यांच्यावर पदर पसरला आणि स्वतः आडवी पडली. डंखांनी पाठ पेटली. "प्रभू, धाव रे!" ती ओरडली.

तोच फाटकातून शांत आवाज आला, "या, माझ्याकडे या."

फादरबाबा हात पसरून उभे होते. काय ती प्रभूची करणी! सगळ्या माश्या त्यांच्याकडे वळल्या. पांढरा झगा बघता बघता काळा झाला, पण एकही माशी डसली नाही. बाबा सावकाश नदीकाठच्या उंबराखाली गेले. मोहोळ फांदीवर जाऊन बसले.

परत येऊन त्यांनी रिबकाच्या पाठीवरून हात फिरवला. आग निवाली.

नाताळच्या आधी छप्पर चढले आणि बारा लेकरे घरात राहायला गेली. पण गाव सांगते ते त्या दुपारचेच. घोंघाट ऐकून सारे गाव अंगणात जमले होते. सुजल्या तोंडाने मास्तरांनी बाबांचे पाय धरले, तेव्हा बाबा म्हणाले, "मास्तर, मी मागाहून आलो. देव आधी आला तो हिच्या पदरात."

मास्तर वळले. साऱ्या गावादेखत त्यांनी रिबकासमोर गुडघे टेकले.

"अवं उठा मास्तर, उठा!" ती कावरीबावरी होऊन म्हणत राहिली. पण मास्तरांचे कपाळ मातीवरून उठेना.