राजेसाहेबांनी सांगितलेलं कारण

धुंडिबुवा कथेकरी आता थकले होते. दरबारामागून दरबार पालथे घालून पायांचे तुकडे पडले होते. या नव्या दरबारात मानाचा शेला मिळाला तर कायमचाच मुक्काम टाकायचा, असं मनाशी ठरवून ते सकाळीच येऊन पोचले होते.

त्यांनी नेहमीची कथा सांगितली. राजाने आपल्या इमानी सेनापतीला हद्दपार केलं, इथवर येऊन बुवा थांबले. का केलं, ते सांगायचं नाही, ही त्यांची जुनी रीत.

कथेनंतर पहिला प्रश्न राजाने विचारायचा, असा रिवाज. पण राजेसाहेब ताडकन उठले.

"आम्ही आमच्या सेनापतीला घालवलं, कारण लोक त्याचा जयजयकार करतात म्हणून पोटात दुखलं आमच्या, हेच सुचवायचंय ना? कबूल करा, नाहीतर तुम्हीही चालते व्हा!"

दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. बुवांनी उसासा टाकून झोळी उचलली.

"महाराज, तुमचा सेनापती मला ठाऊकही नव्हता. कथेतलं कारण मी कधीच सांगत नाही. प्रत्येक दरबारात ते राजेच सांगतात, आणि मग मला चालतं व्हावं लागतं. एखाद्या राजाला काहीच कारण सुचलं नाही, तर तिथं जरा पाय पसरीन म्हणतो."