टिकलीचा दाणा, मामांची सायकल

केरबामामांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्या दुकानात एक उंदरी राहायची. अगदी टिकलीएवढी. म्हणून नाव तिचं टिकली.

एकदा टिकलीला शेंगदाणा मिळाला. गोल गोल, गुलाबी. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. दाणा तोंडात धरून ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत एक जुनी सायकल उभी होती. काळी, लोखंडी, गंजलेली. टिकली सायकलवर चढली. पाय घसरला. दाणा सुटला. टक्. चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये जाऊन अडकला.

टिकलीनं हात घातला. पुरेना. शेपूट घातलं. पुरेना. डोळ्यांत पाणी आलं.

टिकली चाकाला म्हणाली,
"चाका चाका, फिर ना.
दाणा मिळेना."

चाक म्हणालं, "मी कसं फिरू? साखळी हलली तर मी फिरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली साखळीकडे गेली.
"साखळी साखळी, हल ना.
चाक फिरेना,
दाणा मिळेना."

साखळी म्हणाली, "मी कशी हलू? सगळं अंग गंजलंय. तेल पडलं तर मी हलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली तेलाच्या कुपीकडे गेली.
"कुपी कुपी, तेल दे ना.
साखळी हलेना,
चाक फिरेना,
दाणा मिळेना."

कुपी म्हणाली, "मी कशी देऊ? मला हात कुठं आहेत? मामा उठले तर मी तेल देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली मामांकडे गेली. मामा स्टुलावर बसले होते. हनुवटीला हात लावून.
"मामा मामा, उठा ना.
तेल पडेना,
साखळी हलेना,
चाक फिरेना,
दाणा मिळेना."

मामा म्हणाले, "मी कसा उठू गं? ही माझी सायकल. किती वर्षं झाली, गप्पच आहे. आज भंगारवाला येऊन तिला नेणार. मला काही सुचत नाही बघ. तिची घंटी वाजली तर मी उठेन."

टिकली घाबरली. सायकल गेली, तर दाणाही गेला. ती पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. हँडलवर चढली.
"घंटी घंटी, वाज ना.
मामा उठेनात,
तेल पडेना,
साखळी हलेना,
चाक फिरेना,
दाणा मिळेना."

घंटी हळूच म्हणाली, "मी कशी वाजू? मला चिंधी गुंडाळलीय. चिंधी निघाली तर मी वाजेन."

"चिंधी चिंधी, निघ ना.
घंटी वाजेना,
मामा उठेनात,
तेल पडेना,
साखळी हलेना,
चाक फिरेना,
दाणा मिळेना."

चिंधी म्हणाली, "मी कशी निघू? मामांचं बाळ निजलं होतं. घंटीनं जागं होऊ नये, म्हणून मामींनी मला बांधलं. बाळ मोठं झालं. दूरच्या गावी गेलं. मला सोडायचं राहूनच गेलं. गाठ सुटली तर मी निघेन."

"गाठी गाठी, सुट ना.
चिंधी निघेना,
घंटी वाजेना,
मामा उठेनात,
तेल पडेना,
साखळी हलेना,
चाक फिरेना,
दाणा मिळेना."

गाठ म्हणाली, "मी कशी सुटू? फार घट्ट झालेय. कुणी कुरतडलं तर मी सुटेन."

टिकलीनं दातांवरून जीभ फिरवली.

"कुरतडायला तर मला येतं," ती म्हणाली.

कुरकुर, कुरकुर. दात दुखले. टिकलीनं जरा दम घेतला. पुन्हा कुरकुर, कुरकुर.

आणि गाठ सुटली.
चिंधी निघाली.
टिकलीनं दोन्ही पायांनी घंटी दाबली.
घंटी वाजली. ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग.

मामा उठले. डोळे पुसले. "बोललीस का गं बाई," ते सायकलला म्हणाले.

मामांनी साखळी रॉकेलनं पुसली. घास घास, घास घास.
कुपी उचलली. तेल पडलं. टिप टिप, टिप टिप.
मामांनी पायडल फिरवलं. साखळी हलली. कर्र कर्र, खळखळ खळखळ.
चाक फिरलं. गरगर, गरगर.
आणि दाणा? टप्. टिकलीच्या पुढ्यात.

टिकलीनं दाणा खाल्ला. कुटुकुटु, कुटुकुटु.

तेवढ्यात आतून हौसामामी आल्या. "अहो, घंटी कुणी वाजवली?"

"आपल्या सायकलनं," मामा म्हणाले. "हौसा, भंगारवाला आला तर त्याला परत पाठव. सायकल द्यायची नाही."

मामींनी हँडलवरून हात फिरवला. मग हळूच विचारलं, "मागं बसू का मी? पडणार नाही ना?"

"बस की. हळू नेतो."

मामी मागं बसल्या. मामांनी पायडल मारलं. टिकली दारात बसून बघत राहिली.

दाणा गेला पोटात,
सायकल गेली गल्लीत,
आणि गोष्ट आली तुमच्या कानात.