मॅडमची सही

नर्सिंग परिषदेच्या अध्यक्षा राजोपाध्ये मॅडम यांचा तोरा असा, की त्यांच्या दालनात पंखासुद्धा दबकून फिरायचा. दारावर पितळी पाटी होती आणि नावाखाली ठळक अक्षरांत 'नर्सिंग पदवी, लंडन'.

परिषदेने नुकताच नियम बदलला. परदेशात शिकलेल्या सगळ्या नर्सची जुनी नोंदणी रद्द, परीक्षा पुन्हा द्यायची. मनिलात शिकून आलेली सुवार्ता साळवे त्यात सापडली. संध्याकाळपर्यंत नोंदणी दाखवली नाही, तर रुग्णालय तिला घरी बसवणार होतं.

"मॅडम, माझी नोंदणी तुमच्याच सहीने झालीय," ती मॅडमच्या दालनात येऊन म्हणाली.

"तेव्हा नियम वेगळा होता. बाहेरच्या शिक्षणाचा काय भरवसा? आता अपवाद कुणालाच नाही."

"कुणालाच?"

"माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही."

"मग तसं लेखी द्या."

मॅडमनी नकार लिहिला आणि खाली झोकात सही ठोकली. सुवार्ताने कागद वाचला आणि परत त्यांच्यापुढे सरकवला.

"या खुर्चीवर नोंदणी असलेली नर्सच बसू शकते, मॅडम. तुम्ही शिकलात लंडनला. म्हणजे तुमचीही नोंदणी गेली. आणि ही सही चालत असेल, तर माझी नोंदणीही चालते."

मॅडमनी खालची आपली सही पुन्हा एकदा पाहिली. मग कागद फाडला.

संध्याकाळी सुवार्ता कामावर हजर होती. नियम अजून आहे, पण आता तो यापुढे शिकून येणाऱ्यांपुरताच. आणि दारावरच्या पाटीवर आता नुसतं नाव आहे.