अर्धाच ऐकलेला हुकूम

“सशिणीची पिल्लं बिळातून उचलायची...” एवढंच साळुंकीच्या कानावर पडलं आणि ती भुर्रकन उडाली. पुढचं ऐकायला काय झालं होतं, बाळांनो? पण नाही!

त्या जंगलात जांभळीखाली सशीण राहायची आणि वरच्या फांदीवर ही साळुंकी. मनानं प्रेमळ, पण प्रत्येकाच्या घरात हिची चोच. शेजारच्या बिळात एक रानमांजर आलं होतं. त्यानं सशिणीच्या एका पिल्लाचा कान फाडला. जंगलाचा राजा हत्ती, त्याचा न्यायाचा दरबार भरणार पौर्णिमेला. तोवर पिल्लं उरायची कशी? म्हणून सशीण सकाळीच हत्तीकडे जाऊन रडली आणि पिल्लांच्या ओढीनं लगेच परतली. हत्तीनं दरबाराची वाट न पाहता हुकूम दिला. तो विसरू नये म्हणून हत्तीचा निरोप्या बगळा तळ्याकाठी घोकत बसला होता, आणि साळुंकीनं नेमका अर्धा ऐकला.

“अगं सशीणबाई, तुझी पिल्लं उचलून नेणारेत!”

“मी मांजराला हाकला म्हटलं होतं, पिल्लांना नाही!” सशीण घाबरली. तिनं पिल्लं अगदी आतल्या कोपऱ्यात लपवली, मांजराच्या बिळाला लागून! आता काय म्हणावं?

बगळा आला, हाका मारल्या. साळुंकीच वरून म्हणाली, “नाहीत हो ती घरी. गावाला गेलीत.”

“कमाल आहे! एवढी पायपीट फुकट,” बगळा वैतागला. “पिल्लं उचलायची, आईसकट ओढ्यापलीकडे मावशीकडे पोचवायची, मांजरानं पौर्णिमेपर्यंत तिकडं फिरकायचं नाही. मग दरबारात त्याचंही ऐकू, असा हुकूम. आता हे सांगू कुणाला?”

“आईसकट?” साळुंकीची चोच उघडीच राहिली. तेवढ्यात आतून पिल्लू किंचाळलं. मांजर भिंत उकरत होतं!

“आहेत, आत आहेत! मी मेलीनं खोटं सांगितलं, धावा!”

बगळ्यानं बिळात लांब मान घालून भिंतीतून डोकावणाऱ्या मांजराच्या नाकावर अशी चोच मारली की ते पळतच सुटलं. संध्याकाळी सशीण पिल्लांना कुशीत घेऊन मावशीकडे निजली. फाटलेला कान मात्र फाटलेलाच राहिला.

“पण उचलून नेलीच ना? मी म्हटलंच होतं!” साळुंकी पुटपुटली.

“हो गं बाई,” बगळा म्हणाला, “तेवढंच खरं होतं.”

तात्पर्य : लेकरांच्या जिवावर बेतलं की न्यायानं वाट पाहू नये, आणि शेजाऱ्यानं हुकूम पुरता ऐकल्याशिवाय तोंड उघडू नये.