प्रधानाचं उत्तर

“चार वाक्यां गेली म्हणून नाटक मरता काय, अण्णानू?”

विचारणारा रत्नाकर. दशावतारी मंडळाचा मालक, आणि प्रधानाच्या कामात त्याच्या जिभेला तोड नाही असा सगळ्या जत्रांत लौकिक. त्याचा स्वतःचाही तोच समज होता.

सगुणअण्णा त्याचे गुरू. चाळीस वर्षं राजाची कामं करून आता अंगणात कोकमासाठी रातांबे फोडत बसले होते.

दशावतारात नाटक लिहिलेलं नसतं. कथा ठरते, बोलणं उभं राहिल्यावर सुचेल तसं. सरकारदरबारी मात्र कागदावाचून पान हलत नाही. अनुदानासाठी रत्नाकराने आयुष्यात पहिल्यांदा नाटक लिहून काढलं. समितीला ते आवडलं. फक्त राजाने खाणीसाठी डोंगर विकला म्हणून प्रधान टोमणे मारतो, ती चार वाक्यं गाळावीत आणि तशी सही करून द्यावी, असं पत्र आलं होतं.

“अनुदान नाय तर अवंदा मंडळ बंद. बारा माणसांची पोटां आसत.”

हे काही खोटं नव्हतं.

अण्णांनी हात पुसले. “हुबो रव. मी राजा, तू प्रधान.”

“आता? हंय?”

अण्णा उठले, ताठ झाले. आवाजच बदलला. “प्रधानजी, आमच्या राज्यात सर्व क्षेम आहे ना?”

“क्षेम आहे, महाराज! प्रजा आपला जयजयकार करीत आहे.”

“मग ही नदी अशी लाल का दिसते?”

हा प्रश्न लिहिलेल्या नाटकात कुठेच नव्हता. पण रत्नाकराला उत्तर सुचलं. असं झोंबणारं, की जत्रेत टाळ्या थांबल्या नसत्या. ते ओठांवर आलं...

“महाराज... यंदा पाऊस फार झाला.”

अण्णांनी राजाचा आवाज सोडला.

“दुसराच कायतरी इल्ला मा रे तोंडात?”

“होय.”

“मगे?”

रत्नाकराने आजूबाजूला पाहिलं. अंगणात ते दोघेच होते. त्याला लाज वाटली, आणि ती लपवावी कुठे ते कळेना.

अण्णा खाली बसले. एक रातांबा उचलून फोडला.

“जा, सही कर. फुडच्या वर्साक त्यांका कायच खोडूक लागाचा नाय.”