कोतवालाचं तत्पर उत्तर

माणसाची पायवाट अजून पोचली नव्हती तेव्हा एका रानात पाण्याची खबर आणायचं काम कोतवाल पक्ष्याकडं होतं. तळं डोंगरापलीकडं होतं. कोणी विचारलं की त्यानं उडत जायचं, तळ्यातल्या कासवाला विचारायचं आणि परत येऊन सांगायचं.

हुशार कोतवालाच्या लवकरच ध्यानात आलं, की कासव रोज एकच सांगतं, पाणी भरपूर आहे. मग पंख कशाला झिजवायचे? तो फांदीवरूनच उत्तर देऊ लागला. विचारताक्षणी उत्तर मिळतं म्हणून रानात त्याची वाहवा झाली.

ऐन उन्हाळ्यात एक सांबरीण पाडसाला घेऊन आली. "कोतवालदादा, तळ्यात पाणी आहे ना? लेकराला एवढी चाल एकदाच झेपेल."

"भरपूर आहे."

"आज पाहिलंत?"

"बाई, माझ्या शब्दावर सारं रान पाणी पितं," कोतवाल दुखावून म्हणाला.

तळ्यात नुसता चिखल होता. पाडस त्यात पोटापर्यंत रुतलं. आईनं मानेला धरून त्याला कसंबसं ओढून काढलं. कासवानं खडकाआडचं डबकं दाखवलं म्हणून दोघं जगली.

"पाणी आटलंय हे मी सांगितलं असतं," कासव म्हणालं, "पण हल्ली मला कोणी विचारतच नाही."

हे कळल्यावर कोतवाल फार खजील झाला. त्यानं चूक कबूल केली आणि उत्तर लगेच बदललं.

पुढं पाऊस झाला, तळं काठोकाठ भरलं. जनावरं मात्र लांबच्या नदीपर्यंत पायपीट करत राहिली. कारण कोतवाल फांदीवरून तत्परतेनं सांगत होता, "तळ्यात नुसता चिखल आहे."