शेंदराखालचं दार

फार पूर्वी डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. गावाला दगडी तट आणि दोन दारं. मागचं दार रोजच्या येण्याजाण्याचं. पुढचं उताराकडचं, त्याला सगळे ‘वीरांचं दार’ म्हणत. ते कधीच उघडत नसत.

त्याचं असं झालं होतं. बारा वर्षांमागे शत्रू चालून आला, तेव्हा खालच्या वाडीतली माणसं जीव मुठीत धरून वर धावली. ती आत येईपर्यंत दार उघडं राहायला हवं होतं. म्हणून गावचे सात शिपाई उतारावर आडवे उभे राहिले. शेवटचं माणूस आत गेल्यावर त्यांनीच ओरडून सांगितलं, “लावा अडसर!” दार लागलं. गाव वाचलं, वाडी वाचली. बाहेरचे सात मात्र परत आले नाहीत.

मग गावानं ठरवलं, ज्या उंबऱ्यासमोर त्यांचं रक्त सांडलं, त्यावर चिखलाचे पाय पडायचे नाहीत. आतल्या अडसराला शेंदूर फासला, हार घातले. दर वर्षी त्या लढाईच्या तिथीला जुन्या शेंदरावर नवा चढायचा. चांगला बोटभर थर झाला होता.

त्या सातांमधल्या एकाची म्हातारी आई गावात एकटी राहत होती. शेंदराचं पहिलं बोट लावायचा मान तिचा. त्या तिथीला ती व्रत करायची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पोटात पाणी नाही आणि तोंडातून शब्द नाही. “बारा वर्षं मोडू नकोस, लेकाची भेट होईल,” असं गुरवानं तिला सांगितलं होतं. तिला तेवढीच आस. कारण अलीकडे लेकाचा चेहरा नीट आठवेनासा झाला होता. कपाळ आठवायचं, डोळे आठवायचे. हसू काही केल्या आठवायचं नाही.

बारावं वर्ष उजाडलं. चैत्रातलं रणरणतं ऊन. गाव दारापाशी जमलं. म्हातारीनं शेंदराचं बोट लावलं, आणि तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. उतारावरच्या वाळल्या गवताला वणवा लागला होता आणि वारा तो वर ढकलत होता. वाडीची माणसं पोरंबाळं कडेवर घेऊन दारावर थापा मारत होती.

“दार उघडा हो!”

पाटील तटावरून म्हणाले, “मागच्या दारानं या. डोंगराला वळसा घाला.”

“वळसा घालीपर्यंत आमची राख होईल, पाटील!” खालून एक म्हातारा ओरडला. “मग त्या राखेलाही शेंदूर फासा!”

पाटलांनी गुरवाकडे पाहिलं. गुरव चाचरत म्हणाला, “बारा वर्षांचा शेंदूर आहे. आजच्याच दिवशी अडसर हलवायचा? पाप कुणाच्या माथी?”

कुणी पुढे होईना. तेव्हा म्हातारी पुढे झाली आणि दोन्ही हातांनी अडसर ओढू लागली. बायकांचे डोळे भरून आले. “बघा हो, लेकाच्या आठवणीनं कशी दाराला कवटाळतेय!” एकीनं तिला हळूच मागे घेतलं. “पुरे मावशी, चक्कर येईल.” म्हातारीनं मान हलवली, हातवारे केले. कुणाला काही उमगेना. फटीतून धूर आत येऊ लागला.

तिनं वर पाहिलं. सूर्य डोक्यावर होता, मावळायला अर्धा दिवस बाकी. तिनं देवाला हात जोडले आणि तोंड उघडलं.

“दार उघडा! अरे, ही माणसं आत यावीत म्हणून माझा लेक बाहेर राहिला. आणि तुम्ही त्याच्या नावानं त्यांनाच बाहेर ठेवता?”

मग पाटील धावत खाली आले आणि पहिली पहार त्यांनीच घातली. शेंदराच्या खपल्या उडाल्या, अडसर निघाला, वाडी आत आली. शेवटची शेळी आत आल्यावर दार लागलं. वणवा तटापाशी येऊन विझला.

म्हातारी कोपऱ्यात बसून डोळे पुसत होती. वाडीतली एक तरुण लेकुरवाळी पाणी घेऊन आली.

“घ्या, आजी.”

“घेते बाई. आता व्रत कुठं राहिलंय? माझा लेक काही आता मला भेटायचा नाही. त्या सातांमधला होता गं.”

“भुवईवर खोक होती, तोच का?”

म्हातारीनं चमकून वर पाहिलं.

“मी तेव्हा सात वर्षांची होते, आजी. धावताना पडले. त्यांनी मला उचलून उंबऱ्याच्या आत ठेवलं. मी रडत होते, तर म्हणाले, ‘रडू नकोस. आत माझी आई आहे, ती तुला गूळ देईल.’ आणि असे हसले! एकाच गालावर खळी पडली.”

“डाव्या,” म्हातारी पुटपुटली.

“हो, डाव्याच.”

हरवलेलं हसू बारा वर्षांनी म्हातारीच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिनं दारापाशी ठेवलेल्या नैवेद्याच्या वाटीतला गुळाचा खडा उचलला आणि त्या मुलीच्या तळहातावर ठेवला.

“घे गं बाई. द्यायला उशीर झाला.”

तेव्हापासून त्या तिथीला गाव वीरांचं दार सताड उघडं ठेवतं, आणि येईल त्याच्या हातावर गूळ ठेवतं.

तात्पर्य: वीरांनी ज्यांच्यासाठी प्राण दिले, त्यांना जपणं हीच वीरांची पूजा.